भातखाचरातला बैल

उद्धव तांगडे आधी मारायचा आणि मग बोलायचा. खानावळीत एकदा एका मुलानं त्याच्या ‘जाऊन राह्यलो’ची नक्कल केली. उद्धवनं हातातला घास खाली ठेवला, उठला, त्या मुलाची मान धरली आणि त्याचं तोंड गरम वरणाच्या ताटात दाबलं. मग परत आपल्या पाटावर येऊन बसला आणि म्हणाला, “आता पुन्हा म्हन. मले आयकू दे.”

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या शहरात नवं कॉलेज निघालं होतं आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं डोक्यावर ट्रंक घेऊन वसतिगृहात येत होती. उद्धव पिंपळगाव राजाच्या बाजूच्या एका लहान गावातला. खांदे रुंद, मान आखूड, आणि डोळे सतत कोणीतरी आपल्याला हसतंय का ते शोधणारे. मी त्याच्या पुढच्या बाकावर बसायचो, आणि मागून त्याच्या श्वासाचा आवाज यायचा.

त्यानं गावातल्या कचरूचा जबडा फोडला होता, ही गोष्ट त्यानं स्वतःच आम्हाला सांगितली होती. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

त्यांच्या गावी पोळ्याला तोरणाखाली बैल उभे केले की झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींचं कवन, बहुधा कोणाला तरी झोंबणारं. उद्धवचा बाप पुंजाजी झडत्या करणाऱ्यांत पहिला. त्याची एक तर दूरच्या गावांपर्यंत गेलेली:

पाटलाच्या बैलाले झूल मखमली, शिंगाले त्याच्या बेगड;
माह्या बैलाच्या खांद्याले घट्टा, तोच ओढते नांगर जड.

गावचा रिवाज असा की झडती कोणीही कोणाचीही म्हणावी. म्हणून झाली की गर्दी विचारते, “कोनाची?” मग म्हणणाऱ्यानं ती करणाऱ्याचं नाव सांगायचं. कोणी विचारलं नाही तर सांगायची गरज नाही. पण विचारल्यावर तोरणाखाली खोटं बोलायचं नाही. त्या वर्षी कचरूनं ही झडती म्हटली. गर्दीनं विचारलं, “कोनाची?” कचरू भांग प्यालेला होता, बायका बघत होत्या, आणि तो म्हणाला, “माही.”

उद्धव तेव्हा नुकता मॅट्रिक झालेला. त्यानं शेजारच्या बैलगाडीची उभारी उपटली आणि त्या दांड्यानं कचरूच्या तोंडावर मारलं. कचरू बैलांच्या पायात पडला. उद्धवनं पडल्यावरही मारलं. बैल बिथरले, तोरण तुटलं, कोणाचं तरी लेकरू तुडवता तुडवता वाचलं. कचरूचा जबडा तिरपा बसला आणि दिवाळीपर्यंत तो पेजेवर होता. पोलिसात कोणी गेलं नाही. पंच म्हणाले, मार जास्त झाला, पण कारण बरोबर होतं. पुंजाजीनं फक्त उभारी धुऊन ज्याची त्याला परत केली.

“बापाची चीज व्हती,” उद्धव म्हणायचा. “बापाची चीज कोनी आपली म्हनते का?”

पण उद्धवला स्वतःला एक झडती कधी जुळली नाही. यमक त्याच्या हातात यायचं आणि माशासारखं सटकायचं. गावात त्याला ‘पुंजाजीचा पोरगा’ म्हणत, आणि हे ऐकलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची. त्याला काहीतरी आपल्या नावाचं हवं होतं. जमीन नको होती. चार माणसांनी आपलं नाव घेऊन म्हणावं असं काहीतरी हवं होतं.

ते त्याला कॉलेजच्या वार्षिक अंकात मिळालं. निबंधस्पर्धा होती, विषय होता बैल. उद्धवच्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं, तो छापून आला आणि खाली जाड अक्षरांत नाव होतं. संमेलनात संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव देशमुख यांनी त्याला स्वतःच्या हातानं हार घातला. उत्तमराव पंचक्रोशीतले मोठे जमीनदार, कॉलेजची जागा त्यांची. ते म्हणाले, “हा आपल्या काळ्या मातीचा आवाज आहे.” उद्धवनं तो अंक गावी नेला. पुंजाजीला वाचता येत नव्हतं. त्यानं अंक कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवला आणि बाजारात चार जणांना सांगितलं. वाचून दाखव असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा उद्धवला काहीतरी काम निघालं.

जूनमध्ये चिंतामण पाठक नावाचे नवे प्राध्यापक मराठी शिकवायला आले. बारीक अंगाचे, स्वच्छ धोतर-कोट, आवाज कोरडा. वर्गाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी मागचा अंक वाचला होता, आणि तो हातात घेऊनच ते तासाला आले.

“तांगडे कोण?”

उद्धव उभा राहिला. त्याला वाटलं, आता कौतुक होणार. सरांनी वाचायला सुरुवात केली.

“‘हे कृषीवलाच्या सख्या, भातखाचराच्या गुडघाभर चिखलात तुझी पावले रुतत असता आकाशातील मेघही क्षणभर थांबून तुजकडे पाहतात.’” त्यांनी मान वर केली. “तांगडे, तुमच्या गावात भातखाचरं किती आहेत?”

वर्गात आधी कोणाला कळलं नाही. मग मागून एक जण खिदळला. आमच्याकडे कापूस, ज्वारी, तूर. भाताचा चिखल कोणी पाहिलेला नाही. ज्या रानात ढेकळं पायाला कापतात तिथं उद्धवचा बैल गुडघाभर चिखलात उभा होता, आणि हे परीक्षकांना दिसलं नव्हतं, अध्यक्षांना दिसलं नव्हतं, आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांनाही दिसलं नव्हतं. सगळा वर्ग हसला.

“हे मावळातल्या दाभाडे गुरुजींच्या पुस्तकातलं आहे,” सर म्हणाले. “आपल्याच ग्रंथालयात आहे. पानंच्या पानं आहेत, स्वल्पविरामासकट. याला वाङ्मयचौर्य म्हणतात. साध्या भाषेत चोरी.”

उद्धव बाकाबाहेर आला. सरांना वाटलं, तो काही सांगायला येतोय. त्यांनी त्याच्यासाठी व्यासपीठावर जागासुद्धा केली. उद्धवनं त्यांची मान मागून धरली आणि डोकं फळ्यावर आपटलं. चष्म्याची काच भुवईत शिरली. दुसऱ्या वेळी कान आपटला, आणि त्याचा आवाज वेगळा आला, ओला. तिसऱ्या वेळी आम्ही पाच-सहा जण त्याच्या अंगावर पडलो. फळ्यावर सरांनी लिहिलेल्या तारखेवरून रक्त खाली येत होतं. आमच्याखाली दबलेला उद्धव ओरडत नव्हता. तो एकच वाक्य म्हणत होता, जणू आमची समजूत घालतोय:

“मले कोनी इचारलं का? इचारलं असतं तं सांगतलं असतं.”

कॉलेजनं त्याला वर्गाबाहेर काढलं आणि पुढचा निर्णय संस्थेच्या बैठकीवर सोडला. वसतिगृहात त्याचं नाव भातखाचर पडलं. जिन्यावरून, न्हाणीघरातून, पत्र्यापलीकडून हाक यायची, “ए भातखाचर.” त्यानं दोघांना मारलं. तिसऱ्यानं त्याला विटेनं मारलं. कपाळावर चिंधी बांधून तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “चाल माह्यासंगं. सराकडं जातो.”

“कशाला? राहिलेला कान फोडायला?”

“इचाराचं हाये.”

सर दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटेवर बसले होते. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. उद्धवला पाहताच त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि दवाखान्याच्या शिपायाला दारात उभं राहायला सांगितलं.

“तिथूनच बोला, तांगडे.”

उद्धव पायरीखाली उभा राहिला. त्यानं आपल्या गावचा रिवाज सांगितला. झडती, गर्दी, कोनाची. सर मान तिरपी करून चांगला कान त्याच्याकडे करून ऐकत होते.

“म्हणजे कोणीतरी विचारेल याची तुम्ही वाट पाहत होता,” ते म्हणाले.

“हाव. छापनाऱ्यानं इचारलं नाही. बक्षीस देल्लं तवा इचारलं नाही. गळ्यात हार घातला, मंग मी काय हार काढून सांगू?”

“कचरूला विचारल्यावर तो काय म्हणाला?”

“माही म्हनला.”

“तुमच्या निबंधाखाली काय छापलं होतं?”

उद्धवनं कपाळावरची चिंधी सारखी केली.

“उद्धव पुंजाजी तांगडे असं छापलं होतं. ते तुम्हीच लिहून दिलं होतं. कागदासमोर गर्दी उभी नसते, तांगडे. वाचणारा कुठं रत्नागिरीला, कुठं नागपूरला, एकटा बसून वाचतो. तो कोणाला विचारणार? म्हणून लिहिणाऱ्यानं स्वतःच आधी सांगायचं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हात टाकायचं, खाली नाव द्यायचं, पुस्तक सांगायचं. वाक्य मोडून आपल्या शब्दांत मांडलं तरी विचार ज्याचा, त्याचं नाव द्यायचं. आणि यातलं काहीच न करता खाली आपली सही केली, की ते ‘माझं’ म्हणणंच झालं. विचारायच्या आधी.”

उद्धवच्या चेहऱ्यावरून रंग गेला. मी त्याला मारताना पाहिलं होतं, मार खाताना पाहिलं होतं. हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पायरीचा कठडा धरला.

“मंग मी कचरूच झालो,” तो म्हणाला.

“ते मला माहीत नाही. मी कचरूला ओळखत नाही.” सरांनी डोक्याच्या पट्टीला हात लावला. “आणि एक सांगतो. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. डावा कान गेला आहे. तुम्हाला कॉलेजातून काढलेलं मला बघायचं आहे. पण त्या निबंधात मधली दोन पानं दाभाड्यांची नाहीत. चांद्या बैल वखरात बसतो, ती. ती कुठून घेतली?”

“कोठून नाही.”

“मग चिखलातली पानं का घातली?”

उद्धवनं पायरीकडे पाहिलं. “ते दोन पानं शोभत नव्हते, सर. आमच्या घरचे हाये ते.”

चारच दिवसांत उत्तमरावांची जीप वसतिगृहापाशी आली आणि उद्धवला घेऊन गेली. उद्धवनं मला परत आल्यावर सांगितलं. उत्तमराव आपल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात बाजेवर बसले होते, आणि त्यांनी त्याला लिंबाचं सरबत दिलं.

“मी हार घातला तुला,” ते म्हणाले. “सगळ्या जिल्ह्यासमोर. तो चोराला घातला असं आता म्हणवून घेऊ का मी?”

उद्धवनं सरबताचा पेला खाली ठेवला.

“बैठकीत एवढंच सांगायचं. ती पानं मास्तरानंच दिली, म्हणाला लिहून टाक. मग भांडण झालं.”

“मास्तर तवा आलेच नव्हते इथं.”

“इथं नव्हता, पण तू सुट्टीत त्याला कुठं भेटला असशील. ते मी पाहतो. मास्तर जाईल, तू राहशील. बी.ए. होशील, पुढं आपल्याच हायस्कुलात लावतो. आणि खरं सांगितलंस तर तुझं नाव घेऊन पोरं थुंकतील. कळलं?”

त्याच आठवड्यात कोणीतरी पाठक सरांच्या बिऱ्हाडावर दगड मारले. भर दुपारी. एक दगड पाळण्याच्या दोरीला लागला, पाळणा रिकामा होता. सरांची बायको मूल घेऊन माहेरी गेली. सर राहिले. त्यांनी खिडकीला पोतं लावलं आणि पट्टी बांधलेल्या डोक्यानं तासाला येऊ लागले.

उद्धवनं मला विचारलं नाही काय करू ते. तो फक्त मैदानाच्या कडेच्या बाभळीला मुठींनी मारत राहायचा, बोटांची साल निघेपर्यंत. त्याला त्याचं नाव जड झालं होतं. खोटं बोललं तर ते छापलेलं राहणार होतं. खरं बोललं तर पुसलं जाणार होतं, आणि पुसणारा तोच.

बैठकीला पुंजाजीला बोलावलं होतं. उत्तमरावांचा माणूस गावी जाऊन त्याला सांगून आला होता, पोराचं वर्ष वाचवायचं आहे. पुंजाजी आला. काटक, काळा, हातात वेळूची काठी. खुर्ची दिली तरी तो दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसला. दार उघडंच होतं आणि आम्ही सगळे व्हरांड्यात दाटी करून उभे होतो.

उत्तमरावांनी मृदू आवाजात सुरुवात केली. “उद्धव, घाबरू नको. ती पानं तुझ्याकडं कशी आली, ते सांग.”

उद्धव उभा होता. त्यानं बापाकडे पाहिलं.

“मास्तरांनी दिली ना?”

पाठक सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. चांगला कान पुढे केलेला, डोळे टेबलावर. पुंजाजीनं भिंतीपासून पाठ सोडली.

“सांग ना बे,” तो म्हणाला. “कोनाचं हाये ते?”

“दाभाडे गुरुजींचं,” उद्धव म्हणाला. “मावळातले. लायबरीतून पुस्तक आनलं, उतरून काढलं, खाली नाव माहं टाकलं. सरांनी नाही देल्लं. सरांनी पकडलं.”

उत्तमरावांनी पानदान पुढे ओढलं आणि उघडलं नाही. कोणीतरी खाकरलं. प्राचार्य कागदावर काही लिहायला लागले.

तेवढ्यात पाठक सर बोलले. त्यांना बोलायची गरज नव्हती. ते जिंकले होते. “नोंद पूर्ण व्हावी,” ते म्हणाले. “सगळा निबंध चोरीचा नाही. दोन पानं यांची स्वतःची आहेत. कोणती ते समितीला कळायला हवं.” आणि त्यांनी अंक उघडून त्याच कोरड्या आवाजात वाचलं:

“‘चांद्या वखरात बसला. बाबांनी त्याला उठवलं नाही, मारलं. काठी मोडली तेव्हा वखराचा दांडा घेतला. उजव्या शिंगाची खोळ निघून मातीत पडली. आतलं शिंग लाल होतं, ओलं होतं, त्याला ऊन लागत होतं. चांद्या ओरडला नाही. सांजेला बाबांनी हळद-तेल लावलं आणि गोठ्यात त्याच्या पोटाला पाठ लावून निजले. आई जेवायला बोलवायला गेली तर तिलाही मारलं. सकाळी त्यांनी पुन्हा त्यालाच जुंपलं.’”

पुंजाजी उठला. त्याला घाई नव्हती. तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं वेळूची काठी दोन्ही हातांनी पोराच्या खांद्यावर हाणली. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडल्याचं व्हरांड्यात ऐकू आलं. दुसरा फटका मानेखाली बसला, तिसरा पाठीवर. उद्धवनं हात वर केले नाहीत. पाठक सर मधे गेले आणि चौथा फटका त्यांच्या मनगटावर बसला. मग प्राचार्य, शिपाई, आम्ही सगळे. पुंजाजीला धरायला फार जोर लागला नाही. त्यानं काठी स्वतःच खाली ठेवली.

त्यानं चोरीसाठी मारलं की त्या पानासाठी, हे कोणाला कळलं नाही. आम्ही पुढं कितीतरी दिवस यावर वाद घातला. उत्तमराव म्हणाले, “अडाणी माणूस,” आणि मोटारीत बसून गेले.

उद्धवला दोन वर्षांसाठी काढलं. नंतर त्यानं बाहेरून परीक्षा दिल्या, संग्रामपूरला एका शाळेत लागला, आणि तिथं मुलांना मारतो म्हणून त्याच्याविरुद्ध दोनदा तक्रार झाली. हे खरं आहे, म्हणून सांगतो. पाठक सरांना संस्थेनं पुढच्या वर्षी ठेवलं नाही. कारण दिलं नाही.

त्या दुपारी मात्र उद्धवला हाडवैद्याकडे न्यायला मी सोबत होतो. खांदा बांधून झाल्यावर आम्ही एसटीच्या स्टँडवर सावलीत बसलो. उद्धवचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ चावून फुटला होता. पुंजाजीनं टपरीवरून चहा आणला, बशीत ओतला, फुंकला आणि पोराच्या तोंडाला लावला. उद्धव प्याला. पिंपळगावची गाडी लागली, लोक चढायला लागले.

“ते मास्तरानं वाचलं,” पुंजाजी म्हणाला. “ते तूच लेहलं?”

“हाव.”

“कोनी सांगतलं नाही तुले?”

“नाही.”

पुंजाजीनं बशी उपडी करून उरलेला चहा मातीत टाकला.

“उजवं शिंग लेहलं तुनं,” तो म्हणाला. “डावं व्हतं.”

उद्धवनं डोळे मिटले. तो आठवत होता. मग त्यानं मान हलवली, आणि हाड दुखलं म्हणून तोंड वाकडं केलं.

“हाव,” तो म्हणाला. “डावं.”

“मंग तसं लेही,” म्हणत पुंजाजीनं त्याला काखेत हात घालून उठवलं.